डोकी न मोजणाऱ्या बाई

गेल्या महिन्यात बीडला आम्हा मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता नेतृत्व. पुण्याहून आलेला प्रशिक्षक, कडक इस्त्रीचा सदरा, गालाला चिकटलेला माईक, आणि पडद्यावर हे भलंमोठं गरुडाचं चित्र. गरुडाकडून आपण काय शिकतो? मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा, माझ्या शाळेतल्या तीन खोल्यांचे पत्रे उडालेत, गरुड येतील तिथं आपसूक. मग त्यानं एक कागद वाटला. तीन रकाने. शाळा, घर, धर्म. प्रत्येकातून मिळालेला नेतृत्वाचा धडा लिहा आणि तो देणाऱ्याचं नाव लिहा. माझ्या शेजारच्या सरांनी तिन्ही रकान्यांत आपल्या संस्थाचालकाचं नाव लिहिलं. अहो, धर्माच्या रकान्यातसुद्धा! यांना लाज कशी वाटत नाही, असं तोंडावर येत होतं, पण माझ्याही तिन्ही रकान्यांत एकच नाव होतं. सिपोराबाई थळकर.

प्रशिक्षकानं माझा कागद उचलून वाचला. "वा! ख्रिश्चन होत्या का मॅडम?"

तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकी वर्षं झाली तरी तोच प्रश्न. मी म्हटलं, "ज्यू होत्या. बेने इस्राएल. कोकणातल्या. आणि त्यांनी माझी नोकरी घालवली." सगळे हसले. पाच मिनिटांत अनुभव सांगा, म्हणाला. मी सरळ खाली बसले. पाच मिनिटांत सांगण्यासारखा असता तर मी तो कधीच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते.

माजलगावच्या धरणाच्या अंगाला आमची ती शाळा. खालच्या बाजूला पाटाच्या पाण्यावरचा ऊस आणि ऊसवाल्यांची सिमेंटची घरं. वरच्या बाजूला माळावरच्या वस्त्या. तिथली माणसं दिवाळी झाली की कोयते बांधून टोळ्यांबरोबर पार कर्नाटकापर्यंत दुसऱ्यांचा ऊस तोडायला जात, ती उन्हाळ्यात परत येत. पोरंही त्यांच्याबरोबर. मी परळीची, लिंगायताची, घरचं भांड्यांचं दुकान. लग्न होऊन इकडं आले आणि शाळेत गणिताला लागले. सगळ्यांत नवीन मीच. बाई मुख्याध्यापक.

बाईंचा नवरा परळीच्या वीजकेंद्रात होता. तो गेला, नातेवाईक म्हणाले ठाण्याला या, पण बाईंना आमच्या शाळेत नोकरी मिळाली होती आणि त्या राहिल्या. उंच, सडसडीत, हातात काचेच्या बांगड्या, कायम फिक्या रंगाची सुती साडी. गावानं आधी त्यांना किरिस्ताव ठरवलं, मग मुसलमान ठरवून पाहिलं. शेवटी नाद सोडून 'शनवारवाल्या बाई' असं नाव ठेवलं, कारण बाई शनिवारी लिहीत नसत. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्या घरी पोचत, तेलाचे दोन दिवे लावत आणि शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत पेनाला हात लावत नसत. शनिवारी आमची सकाळची शाळा. त्या चालत येत, शिकवत, पण खडूसुद्धा धरत नसत. एकदा मी खोचकपणे विचारलं, "बाई, लिहायचं पाप नि शिकवायचं नाही, हे कसं काय?"

"आमच्या सिनेगॉगमधले म्हातारे ऐकतील तर माझा कान धरतील," त्या म्हणाल्या. "पण पोरं शनिवारीच तेवढी शांत असतात गं. मला राहवत नाही."

त्यांच्या घराच्या चौकटीवर एक बारकी लाकडी नळी तिरपी ठोकलेली होती. आत त्यांच्या धर्मातलं वचन. जाता-येता त्या तिला बोटं लावून ओठांना लावत. सवयच इतकी की शाळेतल्या वर्गात शिरतानाही त्यांचा हात चौकटीला जाई. पाचवीची पोरं तसंच करायला लागली. अख्खा वर्ग रांगेनं दाराला हात लावून बोटांचा मुका घेत आत जातोय, हे पाहून संस्थेचा एक सभासद चिडला, की पोरं बाटवताय का? बाई म्हणाल्या, "त्यांना सांगते मी, की हात लावायचा तर आधी धुऊन या. चौकटी काळ्या झाल्यात."

सगळ्यांत डोक्यात जाणारी सवय म्हणजे त्या डोकी मोजत नसत. मोजूच देत नसत. त्यांच्या घरात म्हणे माणसांची मोजणी अशुभ. हजेरी घेताना आम्ही एक, दोन, तीन असे आकडे पुकारायचो, पटकन होई. बाई मात्र पूर्ण नाव घेणार, आणि पोरगं 'हजर' म्हणालं की वर मान करून त्याच्याकडं बघणार. सगळ्या शाळेची नावं त्यांना तोंडपाठ. शनिवारी हजेरीपट हातातही न घेता त्या रांगेसमोर उभ्या राहून नावं घेत. अर्धा तास जाई. आम्ही मागं उभे राहून कुरकुर करत असू.

"मेंढरं मोजतात," त्या म्हणायच्या. "माणसाला नावानं बोलवावं."

मला ते सोंग वाटे. सोंग नव्हतं, हे देवगिरीच्या सहलीत कळलं. परतताना बसमध्ये पोरं मोजायचं काम माझ्याकडं. गणिताची ना मी! दोनदा मोजली. चौपन्न. बरोबर. बस सुटली. बाई पुढच्या बाकावरून उठल्या आणि नावं घ्यायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, मोजलीत मी, दोनदा." त्या थांबल्या नाहीत. "संगीता," म्हणाल्या. आवाज नाही. पुन्हा म्हणाल्या. आवाज नाही. आणि मागच्या बाकावर खिडकीला टेकून एक पोरगं गाढ झोपलेलं, ते आमचं नव्हतंच! दुसऱ्या कुठल्या शाळेचं, चुकून आमच्या बसमध्ये चढलेलं. माझे चौपन्न पक्के होते आणि माळावरच्या वस्तीतली आमची संगीता किल्ल्यावर राहिली होती.

बस वळवली. संगीता दारापाशी पायरीवर बसलेली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून. रडत नव्हती. मी खेकसले, "कावून बसलीस गं हितं? बस दिसली न्हाई का?"

"तुमाला न्हाई ठावं मी कोन हाय ते," ती म्हणाली. "बाईला ठावं हाय. बाई नाव घेताल म्हून बसले."

बाईंनी मला एका शब्दानं सुनावलं नाही. दोन दिवसांनी भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि केळी घातलेलं ताट घेऊन त्या शिक्षकखोलीत आल्या. त्यांच्या एलियाहू नबीचा मलिदा, पोर सुखरूप मिळावी म्हणून बोललेला. खाताना मी विचारलं, हे नावाचं खूळ आलं कुठून? तेव्हा त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील कोकणात शाळामास्तर. त्यांच्या गावात सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागत. दहा नाही तर प्रार्थना नाही. पण मोजायचं तर नाही! मग दहा शब्दांचं एक वचन म्हणत आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत. शेवटचा शब्द बहुतेक वेळा मोकळा राही. तो शब्द बाबू नावाच्या एका म्हाताऱ्याचा. तो पिऊन कुठंतरी पडलेला असे. वडील दर शनिवारी उठून त्याला शोधायला जात, तोंड धुववून, टोपी घालून हाताला धरून आणत.

"बाकीचे आठ जण वडिलांवर ओरडायचे, उशीर होतो म्हणून," बाई म्हणाल्या. "वडील म्हणायचे, पुढं उभं राहून प्रार्थना कुणीही म्हणेल. दहाव्याला घेऊन येणारा पाहिजे."

प्रशिक्षणाच्या कागदावर मी हेच लिहिलं होतं. तिन्ही रकान्यांत. वाचून त्याला प्रश्न काय पडला, तर ख्रिश्चन होत्या का!

आता माझ्या नोकरीचं सांगते. दिवाळीनंतर आमचे वर्ग अर्धे रिकामे होत. पण हजेरीपटावर सगळी पोरं हजर. पट कमी दिसला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जातो, हे सगळ्यांना माहीत. आणि त्या पटाचं दुसरं टोक कुणी बघत नव्हतं. बाई तीन वर्षं अर्ज करत होत्या, की टोळ्या जातात तेवढ्या महिन्यांसाठी पोरांना राहायला हंगामी वसतिगृह द्या. वरून दरवेळी उत्तर येई, आपल्या शाळेत कोणीही विद्यार्थी स्थलांतरित नाही. कसा असेल? कागदावर सगळी वर्गात बसलेली! बाई स्वतःच्या वर्गाचा पट खरा ठेवत. पण तोही बाकीच्यांच्या पटांबरोबर संस्थेच्या कार्यालयात जाऊन गोरागोमटा होऊन पुढं जाई.

एका हिवाळ्यात बातमी आली, शनिवारी बीडहून पथक येणार, पटपडताळणी. संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना भाऊ म्हणत, त्यांनी शिक्षकांना बोलावलं. बाईंना सोडून. भाऊंच्या हाताखाली माजलगावात दुसरी शाळा होती. तिथली पोरं टेंपोत घालून आणायची, रिकाम्या जागांवर बसवायची, आणि ऊसतोडीला गेलेल्या पोरांच्या नावावर 'हजर' म्हणायला लावायचं. भाऊ माझ्याकडं बघून म्हणाले, "बघा बरं का मॅडम, पोस्ट गेली तर तुमचीच जाती. सगळ्यांत नव्या तुमी."

माझी दोन लेकरं लहान. नवऱ्याचं कामाचं काही धड नाही. मी शुक्रवारी दुपारभर बसून चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक उसन्या पोरासाठी एक नाव. सुवाच्य अक्षरात, माझ्या या हातानं. संगीताच्या नावाचीही चिठ्ठी मीच लिहिली. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. आता लिहितेय, काय व्हायचं ते होऊ दे.

त्याच दिवशी शाळा सुटताना भाऊंनी बाईंना गाठलं. "बाई, उद्या तुमचा शनवार. तुमी काय लिहीत न्हाई, सही करत न्हाई. घरीच ऱ्हावा आरामात. पर्यवेक्षक करतील सही." भाऊंना वाटलं, जमलं! शनिवारी बाई म्हणजे हात बांधलेला माणूस. भाऊंना शाळेत शनिवारी सोडा, सोमवारीही कुणी पाहिलेलं नव्हतं. शनिवारी बाई काय करतात, हे पाचवीतल्या पोरालाही माहीत होतं, फक्त अध्यक्षांना नव्हतं.

शनिवारी सकाळी बाई आल्या. नेहमीसारख्या चालत. पोरं मैदानात रांगेत, मध्ये मध्ये उसनी, कडक नव्या गणवेशात. पथकाचा साहेब म्हणाला, "चला, डोकी मोजून घेऊ, आम्हाला अजून चार शाळा करायच्यात."

"डोकी नाही मोजायची साहेब," बाई म्हणाल्या. "नावं घेते. तुम्ही लिहा. मी आज लिहीत नाही, पण बोलायला मला कुणी बंदी केलेली नाही."

आणि त्यांनी सुरू केलं. पाचवीपासून. हातात कागद नाही. एकेक नाव घेत त्या रांगेतून चालत होत्या, पोरासमोर उभ्या राहून बघत होत्या. "संगीता," म्हणाल्या. एका गोबऱ्या पोरीनं मूठ उघडून चिठ्ठी बघितली नि म्हणाली, "हजर." बाई तिच्यासमोर वाकल्या. "बाळा, तुझं खरं नाव काय?" पोरगी घाबरली. माझ्याकडं बघायला लागली. मी मान फिरवली. "मोहिनी," ती म्हणाली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "छान नाव आहे. तुझ्या शाळेत ते कुणीतरी घ्यायला पाहिजे." मग साहेबांकडं वळून म्हणाल्या, "संगीता हजर नाही. ती खोटीही नाही. आईबापाबरोबर ऊस तोडायला गेलीय. असंच लिहा, शब्दनशब्द."

प्रत्येक नावाला हेच. कुठल्या कारखान्यावर, कुणाच्या टोळीत, धाकट्या भावंडाला सांभाळायला की मोळ्या बांधायला, सगळं त्यांना पाठ. साहेबाला घाम फुटला. भाऊ गाडीत जाऊन बसले. बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. शेवटच्या नावापर्यंत आम्ही सगळे शिक्षक मान खाली घालून उभे होतो.

पुढं जे व्हायचं ते झालं. तुकडी गेली. जूनमध्ये माझ्या हातात अतिरिक्त ठरल्याचं पत्र आलं. दुसरी शाळा मिळेपर्यंत घरी बसा. किती दिवस? कुणी सांगेना. पुढच्या हंगामाला वसतिगृह मंजूर झालं, कारण आता कागदावर पोरं होती. फीत कुणी कापली? भाऊंनी! फलकावर त्यांचा हसरा फोटो, खाली 'ऊसतोड लेकरांचे कैवारी'. मी तो फलक बघितला तेव्हा रस्त्यातच थुंकले. आणि शिक्षकखोलीत बाईंच्या शेजारी बसून चहा प्यायचं सगळ्यांनी बंद केलं. ज्यांची नोकरी गेली नव्हती त्यांनीसुद्धा!

मला राग भाऊंचा यायला हवा होता. पण भाऊ लांब होते, गाडीत होते. बाई दोन गल्ल्या पलीकडं होत्या. मी सगळा राग त्यांच्यावर काढला. बाजारात दिसल्या की रस्ता बदलायचा. बायकांत बसून म्हणायचं, हिचा शनवार आणि माझी साडेसाती.

पावसाळा सरता सरता बाईंचा एक सण येई. त्यांच्या घरात त्याला दारफाळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे घालून, दार लावून, दिवसभर पाण्याचा थेंब न घेता आत बसायचं आणि देवाकडं वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. पण त्याआधी एक अट. ज्या माणसाचं आपण वाईट केलं, त्याची माफी त्याच्या दारात जाऊन मागायची. ती देव देऊ शकत नाही. दरवर्षी बाई त्या आठवड्यात शिपायापासून पाचवीच्या पोरापर्यंत सगळ्यांकडं जात. "त्या दिवशी तुला उगाच ओरडले, माफ कर." पोरं लाजून पळून जात. मुख्याध्यापक माफी मागतो हे त्यांनी कुठं पाहिलेलं? तीनदा मागायची, असा त्यांचा नियम. तीनदा जाऊनही समोरच्यानं दिली नाही, तर मागणारा सुटला. मग ते न देणाऱ्याकडं राहतं.

त्या वर्षी त्या माझ्याकडं आल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दार उघडलं, बघितलं आणि धाडकन लावलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं त्यांना पाणी दिलं. मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं ओरडले, "सांगा, मी घरात न्हाई म्हून!" त्यांनी पेला खाली ठेवला आणि गेल्या.

तिसऱ्यांदा आल्या तो सणाचा आदला दिवस. ऊन कलतं झालं होतं. दिवस बुडायच्या आत त्यांना घरी पोचून दार लावायचं होतं. मी अंगणातच होते, आत पळायला जागा नव्हती. मग मीच तोंड उघडलं. "माफी कशाची मागता? खरं बोललात त्याची? त्याची मागायची तर त्या पोरांकडं जा, म्हणावं तुमचं खरं सांगून चुकले!"

"त्याची नाही," बाई म्हणाल्या. "ते पुन्हा करीन. तुझी नोकरी जाणार हे मला शुक्रवारीच कळलं होतं. त्या संध्याकाळी मी तुझ्या याच फाटकावरून गेले. आत येऊन तुला सांगायला हवं होतं, की उद्या मी असं करणार आहे. दिवे लावायची वेळ झाली, असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं. वेळ होता. तू रडशील आणि मी डगमगेन, याला भ्याले. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेची नावं घेतली मी. तुझं तेवढं घेतलं नाही. त्याची माफी मागते, मंगल."

त्यांनी मला तोवर कधी एकेरी नावानं हाक मारली नव्हती. शिक्षकखोलीत मी मॅडम होते. चिठ्ठ्या मी लिहिल्या हे त्यांना माहीत होतं. अक्षर ओळखत होत्या त्या माझं. त्याबद्दल एक अवाक्षर नाही. तेवढं काढलं असतं ना, तर मी पाय धरले असते. नाही काढलं, म्हणून मी जास्तच भडकले. म्हटलं, "न्हाई करत माफ. जावा तुमी."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या, आणि वळल्या.

पुढच्या वर्षी भाऊंनी चौकशी लावून त्यांना मुदतीआधीच घरी बसवलं. निरोप समारंभ नाही, नारळ नाही. तोवर मला आष्टीकडं शाळा मिळाली होती. त्या ठाण्याला गेल्याचं आणि नंतर वारल्याचं मला संगीताकडून कळलं. संगीता वसतिगृहात राहून दहावी झाली, आता आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. फोनवर तिनं माझं नाव न घेता विचारलं, "मॅडम, तुमची नि बाईची शेवटची भेट कवा झाली वो?" मी म्हटलं, आठवत नाही.

आठवत कसं नाही? बाई गल्लीतून भरभर चालल्या होत्या. मी फाटकाला धरून बघत होते. दुसऱ्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दार माझ्या अंगणातून दिसे. त्यांनी कुलूप काढलं, चौकटीला बोटं लावली, ओठांना लावली. मग आत न जाता त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, माझ्या फाटकाकडं तोंड करून. दिवस अजून कासराभर वर होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, नाव तोंडापर्यंत आलंही होतं. त्या उभ्या होत्या, उभ्या होत्या. मग ऊन त्यांच्या पायरीवरून खाली उतरलं आणि त्यांनी दार लावून घेतलं.